हवेचे पैसे

पेट्रोल पंपावर किंवा टायरच्या दुकानात चाकांची हवा बघायला थांबलात की हल्ली एक प्रश्न येतो. ‘साधी टाकू की नायट्रोजन?’ प्रश्न असा विचारतात की ‘साधी’ म्हणताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. मीही एकदा ओशाळलो आणि ‘नायट्रोजन’ म्हणून बसलो. त्याची गोष्ट आज सांगणार आहे. कवितेवर बोलायला बोलावलेला माणूस टायरवर बोलतो म्हटल्यावर निवेदिकाबाई जरा चकित झाल्या. पण श्रोतेहो, माझ्या घरात कविता फार उशिरा आली. टायर आधीपासून होते.

माझ्या वडिलांचं, अब्बांचं, भोरला एसटी स्टँडच्या बाजूला सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. सात-आठ भाड्याच्या सायकली, पाण्याचं घमेलं, पाने, सोल्युशनची ट्यूब, जुन्या ट्यूबा कापून केलेली ठिगळं, आणि खांबाला साखळीनं बांधलेला पंप. पंक्चर काढायचे पैसे होते, व्हॉल्व ट्यूब बदलायचे पैसे होते. हवेचे नव्हते. ज्याला हवी त्यानं पंप घ्यावा आणि मारावी. रोहिड्याच्या बाजूच्या खेड्यांतून दूधवाले यायचे, किटल्या लटकवलेल्या सायकली उभ्या करायचे, दहा-वीस पंप मारायचे आणि जायचे. एकदा मी शाळकरी हुशारीनं विचारलं, ‘अब्बा, पंप आपला आहे, त्याचा वॉशर झिजतो, मग पाच पैसे का घेत नाही?’ अब्बा म्हणाले, ‘हवा आपण बनवली का?’ विषय संपला.

याच टपरीच्या पैशांतून मी बी.ए. झालो. अलीकडे ‘पंक्चरवाला’ हा शब्द शिवीसारखा वापरलेला कानावर येतो, आणि तो कोणाला उद्देशून असतो हेही कळतं. मला त्याचा राग येण्यापेक्षा नवल जास्त वाटतं. ज्याच्या हाताकडे बघून आपण रात्रीच्या रस्त्यावर हुश्श करतो, त्याचं नाव शिवी कसं होतं? असो. पंक्चरवाल्याच्या मुलाला हवेतलं कळायला हवं होतं, एवढंच मला सांगायचंय. ते कळलं नाही, ही आजची गोष्ट.

भाषेच्या माणसाला एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. श्वासातली ‘हवा’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आली. ‘मला चहा हवा’ मधला ‘हवा’ मात्र आपला घरचा. दोन्ही शब्द एका घरात सख्ख्या भावांसारखे राहतात आणि कोण कुठून आला हे कोणी विचारत नाही. शिवाय आपण हवा खातो, हवापालट करतो, एखाद्याची हवा असते, एखाद्याच्या डोक्यात हवा जाते, आणि मग कोणीतरी त्याची हवा काढतं. माझी काढली ती वेल्ह्याच्या एका पोरानं.

झालं असं. २०२३ च्या जानेवारीत मी माझ्या जुन्या वॅगन-आरचे चारही टायर बदलले. हायवेवरचं एक चकचकीत दुकान होतं. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही, कारण असं बोलणारी दुकानं पुष्कळ आहेत. तिथला तरुण म्हणाला, ‘सर, आता यात नायट्रोजनच टाका. हवा उतरत नाही, टायर गरम होत नाही, अॅव्हरेज वाढतं, आणि टायर फुटायचं टेन्शन नाही. फक्त एक लक्षात ठेवा, यात साधी हवा मिसळायची नाही.’ एका चाकाचे तीस रुपये. स्टेपनी धरून दीडशे. त्यानं हवा भरली आणि चाकांच्या व्हॉल्ववर हिरवी प्लास्टिकची टोपणं बसवली. नायट्रोजनची ही खूण. ती बघून भोरमधला माझा एक जुना मित्र म्हणाला, ‘तू नमाजाला टोपी घालायला विसरतोस, गाडी मात्र पक्की झाली तुझी.’ आम्ही दोघं हसलो.

पुढचे सात महिने मी चाकांकडे बघितलं नाही. पूर्वी पंधरा दिवसांनी हवा बघायचो. आता कशाला? नायट्रोजन आहे ना.

ऑगस्टात वेल्ह्याच्या एका शाळेत कविता वाचायला गेलो. वेल्हे तालुक्याचं नाव आता कागदोपत्री राजगड झालंय, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच येतं. बरोबर बायको होती आणि सहा वर्षांची नात. पोरीला तोरणा बघायचा होता. तोरणा दिवसभर ढगातून बाहेर आला नाही. श्रावणातलं वेल्हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तिथे पाऊस पडत नाही, तो मुक्कामाला असतो. मुलांना कविता आवडल्या, किमान त्यांनी टाळ्या तरी वाजवल्या, आणि चारच्या सुमाराला आम्ही परत निघालो.

बाजारपेठेच्या टोकाला एक पंक्चरचं दुकान आहे. तिथला पोरगा धावत आला आणि काचेवर टकटक केली.

‘सर, पुढचं डावं चाक बसलंय. हवा टाकून जा.’

मी काच खाली केली. ‘त्यात नायट्रोजन आहे रे. साधी चालत नाही.’

‘नायट्रोजन इथं कुठला? पण सर, चाक लई खाली आहे. निदान खिळाबिळा घुसलाय का बघू का?’

पाऊस होता, उशीर होत होता, आणि माझ्या डोक्यात त्या दुकानदाराचं वाक्य पक्कं बसलं होतं. म्हटलं, ‘नसरापूरला हायवेवर नायट्रोजन मिळेल. तिथे बघतो.’ पोरगा काही बोलला नाही. ‘सावकाश जावा’ म्हणाला आणि मागे सरला. बायको म्हणाली, ‘अहो, बघू तरी द्यायचं होतं त्याला.’ पंक्चरवाल्याच्या सुनेला जे कळलं ते मुलाला कळलं नाही.

विंझर मागे टाकलं तेव्हा स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं होतं. रस्ता खराब आहे म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मार्गासनीच्या अलीकडे एका वळणावर फाडफाड आवाज आला आणि गाडी माझ्या हातात राहिली नाही. ती डावीकडे वळली, रस्ता सोडला आणि चाक चरात घालून तिरकी उभी राहिली. चराच्या पलीकडे दोन हातांवर बांध, आणि बांधाखाली पाण्यानं भरलेलं भातखाचर. मागून दुधाचा टेम्पो येत होता. त्यानं जो ब्रेक मारला त्याचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. टेम्पो आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला. नातीच्या कपाळाला टेंगूळ आलं. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

टेम्पोवाल्यानं आणि खाचरातल्या दोघांनी गाडी वर काढली. टायरची एक बाजू फाटून लोंबत होती. स्टेपनी काढली तर तिच्यावर अंगठा दाबल्यावर खड्डा पडला. पाचवं हिरवं टोपणसुद्धा मी सात महिने उघडून बघितलं नव्हतं. मग टेम्पोवाल्यानं फोन लावला, आणि अर्ध्या तासात तोच पोरगा मोटरसायकलवर पायानं मारायचा पंप घेऊन पावसात आला. त्यानं स्टेपनी चढवली आणि मार्गासनीची हवा, भाताच्या वासाची, साधी, तिच्यात भरली. मला एका शब्दानं बोलला नाही. त्यानं चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

हायवेला आल्यावर टायर एका केरळी मिस्त्रीला दाखवला. आपल्या हायवेवर हे लोक वर्षानुवर्षं दुकानं टाकून आहेत, आणि टायर बघून गाडीवाल्याचा स्वभाव सांगतात. त्यानं टायर उलटा केला. आतून ओंजळभर काळा भुगा पडला. ‘हे बघा,’ तो म्हणाला, ‘हवा कमी असताना पळवली. बाजू दुमडत राहते, गरम होते, आतून पीठ होतं. नंतर फुटते.’ मधोमध एक बोटाच्या पेराएवढा खिळा होता. हवा बहुधा कित्येक दिवस त्यातून थोडीथोडी जात होती. मी विचारलं, ‘पण नायट्रोजन होता.’ तो हसला. खिळ्याला काय माहीत आत काय आहे?

माझं विज्ञान दहावीपर्यंतचं. म्हणून भोरमधल्या एका निवृत्त विज्ञानशिक्षक मित्राकडे गेलो. त्यांनी माझ्याच एका कवितेच्या कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडला. तो सांगतो, कारण हा हिशेब कोणतंही दुकान मांडून दाखवत नाही.

आपण जी साधी हवा म्हणतो, तिच्यात शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग मुळातच नायट्रोजन असतो. एकवीस भाग ऑक्सिजन, आणि उरलेल्यात बाकी सगळे. १७७२ मध्ये डॅनियल रदरफर्ड यांनी हा वायू वेगळा ओळखला. पुढे लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्याला ‘जीव नसलेला’ अशा अर्थाचं नाव दिलं, कारण त्यात उंदीर जगत नव्हता आणि दिवा जळत नव्हता. म्हणजे अब्बा भोरच्या दूधवाल्यांना फुकटात अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन देत होते. दुकानातलं यंत्र हवेतूनच ऑक्सिजन बाजूला काढतं आणि प्रमाण पंच्याण्णवच्या आसपास नेतं. दीडशे रुपये त्या वरच्या सतरा भागांचे.

तेही सतरा मिळाले नाहीत. मीटर शून्य दाखवतं तेव्हा चाक रिकामं नसतं. आत बाहेरच्याइतकीच हवा असते, आणि तिचा दाब चौरस इंचाला साधारण पंधरा पौंड. तिच्यावर मीटरनं तीस पौंड भरले की एकूण पंचेचाळीस झाले. त्यातले पंधरा जुन्या साध्या हवेचे. ती आधी ओढून काढली नाही, किंवा भरून-सोडून दोन-तीन वेळा धुऊन काढली नाही, तर एक तृतीयांश साधी हवा आतच राहते. माझ्या टायरांत त्या तरुणानं नळी लावली ती थेट तीस होईपर्यंत. म्हणजे हाती आले एकोणनव्वद टक्के. आणि ज्यात साधी हवा मिसळेल म्हणून मी माझ्या माणसांचा जीव धोक्यात घातला, त्यात ती पहिल्या मिनिटापासून मिसळलेलीच होती!

मी सरांना विचारलं, ‘समजा वेल्ह्यात साधी टाकली असती, तर काय झालं असतं?’ ते म्हणाले, ‘घरी पोचला असता.’ मिसळण्यात धोका काहीही नाही. नायट्रोजनचा टक्का थोडा खाली येतो, इतकंच.

आता नायट्रोजनची बाजूही सांगायला हवी, नाहीतर रागानं बोलतोय असं होईल. ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो, हे खरं आहे. त्यामुळे नायट्रोजनचं चाक हळू उतरतं. किती हळू? अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकानं २००६-०७ मध्ये हे तपासलं. एकतीस प्रकारचे टायर, प्रत्येकाची जोडी. एकात हवा, एकात नायट्रोजन, दोन्हीत तीस पौंड. वर्षभर बाहेर उघड्यावर ठेवले. वर्षाच्या शेवटी हवेचे टायर सरासरी साडेतीन पौंडांनी उतरले होते, नायट्रोजनचे २.२ पौंडांनी. फरक वर्षाला सव्वा पौंडाच्या जरासा वर. म्हणजे उतरतात दोन्ही, बघावं दोन्हींकडे लागतं. गमतीची गोष्ट अशी की साध्या हवेतला ऑक्सिजन आधी झिरपून जातो आणि आपण वरून पुन्हा हवा भरत राहतो, त्यामुळे जुन्या चाकात नायट्रोजनचा टक्का आपोआपच थोडा वाढतो. फुकट.

तापल्यावर नायट्रोजन फुगत नाही, हे मात्र खोटं. फुगतो, साध्या कोरड्या हवेइतकाच. साधारण साडेपाच अंश तापमान वाढलं की एक पौंड वाढतो, उतरलं की एक पौंड उतरतो. म्हणूनच हवा सकाळी, गाडी थंड असताना बघावी. फरक पडतो तो ओलाव्यानं. कॉम्प्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साठतं आणि ते हवेबरोबर चाकात जातं. आत पाणी असेल तर तापल्यावर त्याची वाफ होऊन दाब अधिक चढतो, आणि लोखंडी डिस्क गंजते ती वेगळीच. भोर-वेल्ह्याच्या पावसात याकडे लक्ष द्यायला हवं. टाकीच्या बुडाला एक चावी असते, ती रोज सकाळी सोडून पाणी काढून टाकायचं. चांगला मिस्त्री हे न सांगता करतो.

मग विमानात नायट्रोजनच का भरतात, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ मेक्सिको सिटीहून उडालं. ब्रेक घासून एक चाक बेसुमार तापलं होतं, आणि त्यात नायट्रोजनऐवजी हवा होती. उडाल्यावर ते पोटातच फुटलं, इंधनाच्या नळ्या तुटल्या, आग लागली. १६७ माणसं होती, एकही वाचलं नाही. तापलेल्या रबरातून निघणारे वायू आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो, म्हणून १९८७ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं हुकूम काढला, की अशा चाकांत ऑक्सिजन पाच टक्क्यांहून जास्त नको. विमानाच्या चाकाला नायट्रोजन लागतो तो यासाठी. वरंध घाट उतरणाऱ्या वॅगन-आरचं चाक सहसा त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. शर्यतीच्या गाड्या ही आणखी वेगळी जात. त्यांना पाव पौंडाचाही हिशेब असतो.

आपल्याकडे ही चर्चा दिल्लीपर्यंत गेली होती. टायरच्या रबरात सिलिकॉन मिसळणं आणि चाकांत साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणं बंधनकारक करण्याचा सरकारचा विचार आहे, असं जुलै २०१९ मध्ये नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितलं होतं. पुढे ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा पुन्हा जो तो नायट्रोजनचं नाव घेऊ लागला. माझे टायर त्यानंतर महिन्याभरातलेच. भीती ताजी होती, म्हणून दीडशे रुपये पटकन निघाले. सरळ सिमेंटचा रस्ता, तासनतास तोच वेग, वर ऊन, आणि खाली हवा कमी असलेला, नाहीतर झिजून गुळगुळीत झालेला टायर. या यादीत आत कोणता वायू आहे हे फार खाली येतं. कोणी फुकट भरून देत असेल तर जरूर घ्या. कोरडा असतो, चांगला असतो. मला कळलं ते एवढंच की मी दीडशे रुपयांत वायू घेतला नव्हता. आता बघायला नको, ही सूट विकत घेतली होती.

अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते चालत्या सायकलकडे नुसतं बघून सांगायचे, ‘मागच्यात कमी आहे, थांब.’ गिऱ्हाईक घाईत असलं तरी थांबवायचे. त्यांच्याकडे मीटर नव्हतं. अंगठा होता. वेल्ह्याच्या त्या पोरानं चालत्या गाडीचं चाक पावसात ओळखलं, तेव्हा मला खरं तर ते आठवायला हवं होतं. मी त्याचं ऐकलं नाही, कारण त्याच्या दुकानाला काच नव्हती आणि हिरवी टोपणं देणाऱ्याच्या दुकानाला होती. हे कबूल करायला मला दोन वर्षांहून अधिक लागली.

दिवाळीनंतर पुन्हा वेल्ह्याला गेलो. या वेळी काही काम नव्हतं. नात बरोबर होती, तोरणाही मोकळा दिसत होता. पोराच्या दुकानासमोर गाडी उभी केली आणि म्हटलं, चारही बघ, स्टेपनीपण. त्यानं दाराच्या कडेवरचा कंपनीचा कागद वाचला, तेवढे पौंड भरले, प्रत्येक व्हॉल्वला थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहिलं. अब्बाही तसंच करायचे. नातीनं मीटर हातात घेऊन काटा बघितला. मी विचारलं, किती झाले? मला वाटलं, ‘हवेचे काय घ्यायचे सर’ असं म्हणेल. तो म्हणाला, ‘पाच चाकांचे पन्नास.’ बरोबरच होतं. त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, आणि अब्बांच्या पंपाला बिल येत नव्हतं. मी शंभर दिले, त्यानं पन्नास परत केले.

मग टोपणं लावताना त्यानं विचारलं, ‘हिरवीच ठेवू का काळी बसवू?’

म्हटलं, ‘राहू देत. माती तरी आत जात नाही.’